पाचांमधला एक चेहरा

मी एक जुना लाकडी ठसा आहे. छापखान्यात चित्र छापायला जो कोरलेला ठोकळा वापरत, तो मी. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखा ठसा बहुधा पाहिला नसेल. आता यंत्रं आपली आपणच चित्रं छापतात. माझ्या काळी चित्र आधी लाकडात उलटं कोरावं लागे, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं उमटे. म्हणून उजवं-डावं मला अजून नीट कळत नाही. पण माणसांचं मी जे पाहिलं ते सरळच पाहिलं.

माझा जन्म झाला तेव्हा माझ्यावर पाच चेहरे होते. आज एकच आहे, आणि तोही झिजलेला.

आमचा छापखाना बस आगाराच्या मागच्या गल्लीत होता. मालकांना सगळे शाईकाका म्हणत. त्यांच्या नखांतली शाई कधी निघालीच नाही. स्वतःच्या लग्नातही हात काळे होते म्हणे, आणि बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हे धुतल्यावरचे की आधीचे?" छापखान्याच्या मागच्या खोलीत कागद कापायचं एक लांबलचक टेबल होतं. काम संपलं की त्या टेबलाभोवती पाच माणसं जमत. एक बसचालक. एक नर्स, ती त्या बसचालकाची थोरली बहीण. एक शाळामास्तर, एक गवंडी आणि कपडे शिवणारी एक बाई. वस्तीला दवाखाना नव्हता. अडलेल्या बाईला पूल ओलांडून न्यावं लागे, आणि पुलावरच काय काय होऊन बसे, ते नर्सबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी त्यांनी अर्ज केले. मग मोर्चे काढले. कोणी ऐकेना, तेव्हा पाचांनी मिळून एक पक्षच काढला.

पक्षाला चित्र हवं, म्हणून मला करायला दिलं. कोरणारे म्हातारबाबा पाचांना बाकावर बसवून त्यांच्याकडे बघत बघत कोरत होते.

गवंडी म्हणाला, "माझे कान एवढे मोठे आहेत?"

"कमी करतो की," म्हातारबाबा म्हणाले. "पण मग घरी बायको ओळखणार नाही. चालेल?"

बसचालकाला एका जागी बसवत नव्हतं. सारखा मान वळवायचा, हसायचा, पाय हलवायचा. शेवटी बहिणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाळ्या, आता हललास तर तुझं नाक गालावर येईल." तो गप्प बसला. कोरणाऱ्याने तो हातही जसाच्या तसा कोरला. असे आम्ही पाच जण एका लाकडात आलो.

त्यांच्यात एक रीत होती. ती नर्सबाईंनी घालून दिली होती. अध्यक्षपद पाळीने यायचं, इस्पितळात आणि आगारात ड्यूटी लागते तसं. या सभेला मास्तर, पुढच्या सभेला शिवणबाई. ज्याची पाळी त्याने बोलायचं, बाकीच्यांनी सतरंज्या टाकायच्या. गवंड्याची पाळी आली की तो दोन वाक्यं बोलून खाली बसे. लोक हसत, पण टाळ्या वाजवत. त्याने बांधलेल्या भिंती त्यांनी पाहिल्या होत्या.

बसचालकाची पाळी आली की मात्र मैदान भरे. तो माइकसमोर उभा राही, चालकाच्या जागेवरून मागे वळून पाहावं तसा लोकांकडे पाही आणि म्हणे, "सगळे चढलात का? मग गाडी काढू?" एवढ्यावर लोक वेडे होत. त्याच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता, मित्रांनो. त्याला माणसांची नावं लक्षात राहत, त्यांची दुखणी लक्षात राहत. पाहता पाहता तो सगळ्यांचा दादा झाला. आणि त्याची बहीण सगळ्यांची ताई.

पक्ष निवडून आला. दवाखाना झाला. गवंड्याने तो स्वतः उभा राहून बांधून घेतला. ताई नोकरी सोडून तिथे बसू लागल्या. ते दिवस मला फार आवडायचे. शाईचा रूळ माझ्यावरून फिरे आणि पाचही चेहरे एकदम काळे होत, एकदम कागदावर उतरत.

मग लोक म्हणू लागले, "आम्हाला दादाच हवा." मास्तरांच्या पाळीला माणसं येईनात. पाळ्यांची रीत कधी मोडली ते मला सांगता येणार नाही. ती मोडावी असं कोणी ठरवलं नाही. दादा बोलला की गर्दी होते, मग या खेपेला त्यालाच बोलू द्या, असं प्रत्येक खेपेला झालं.

दादांच्या मुलीचं लग्न झालं आणि घरात जावई आला. त्याला सगळे जावईबापू म्हणत, विरोधी पक्षाची माणसंसुद्धा. जावईबापू हुशार होते. एका सकाळी ते छापखान्यात आले आणि मला हातात घेऊन म्हणाले, "काका, हा ठसा कापायचा आहे. दादांचा चेहरा तेवढा ठेवा."

शाईकाकांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना कोण ओळखतं? कागदावर जागा अडते. दादांचा चेहरा मोठा दिसला पाहिजे."

"मोठा कसा दिसेल? लाकूड तेवढंच आहे."

"एकटा असला की मोठा दिसतो," जावईबापू म्हणाले.

शाईकाका दारापर्यंत गेले. बाहेर गाडीत दादा बसले होते. काकांनी तिथूनच माझ्याकडे बोट दाखवून विचारलं. दादा कोणाशी तरी बोलत होते. त्यांनी मान हलवली.

मला करवतीखाली धरलं. एक चीर ताई आणि दादांच्या मधून गेली, दुसरी दादा आणि गवंड्याच्या मधून. लाकडाला दुखतं का, असं तुम्ही विचाराल. दुखत नाही. पण त्यानंतर यंत्रात बसवताना माझ्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा राहू लागली आणि ती बुजवायला बिनचेहऱ्याचे ठोकळे ठोकावे लागले. बाकीचे तुकडे शाईकाकांनी आधी फळीवर ठेवले होते. पुढे एका थंडीत चहासाठी पाणी तापवताना कोणीतरी ते चुलीत घातले. मी समोरच होतो.

कापताना एक गोष्ट राहून गेली. ताईंचा हात दादांच्या खांद्यावर होता ना, त्याची चार बोटं माझ्याच तुकड्यावर राहिली. हात गेला, बोटं राहिली. कागदावर ती चार काळ्या रेघांसारखी उमटत. पाहणाऱ्यांना वाटे, दादांच्या सदऱ्यावर ही काहीतरी खूण आहे. मानाची असेल. मग पक्षातल्या पोरांनी आपापल्या सदऱ्यांच्या खांद्यावर चार रेघा शिवून घेतल्या. ज्या शिवणबाईंचाही चेहरा कापला होता, त्यांच्याच शिवणयंत्रावर आधी त्या शिवायला गेल्या. शिवणबाईंनी रेघा शिवून दिल्या, आणि त्यानंतर त्या पक्षाच्या सभेला कधी आल्या नाहीत.

त्या पोरांत एक होता, त्याला सगळे नकल्या म्हणत. तो दादांसारखा हुबेहूब बोलायचा. तोच आवाज, तोच ठसका, वाक्य संपताना तसाच हात. दादांचा घसा बसला की सभेत आधी नकल्या बोलायचा. एकदा ताई छापखान्यात आल्या असताना तो चार रेघांचा सदरा घालून आला.

ताईंनी विचारलं, "हे काय रे खांद्यावर?"

"दादांची खूण आहे, ताई. चार दिशांची."

ताईंनी त्या रेघा जवळून पाहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, ती माझी बोटं आहेत. तो सारखा हलायचा म्हणून धरलं होतं मी त्याला."

नकल्याला वाटलं ताई गंमत करतात. तो दादांच्याच आवाजात हसला. जावईबापूंच्या कानावर ही गोष्ट गेली, तेव्हा त्यांनी शाईकाकांना निरोप धाडला की दादांच्या खांद्यावरच्या रेघा खरडून टाका. काकांनी त्या खरडल्या. पोरांच्या सदऱ्यांवरून मात्र त्या कधी निघाल्या नाहीत.

पुढची वर्षं माझ्या कौतुकाची होती. दिवसरात्र मी छापला जात होतो. पक्षाचा नियमच झाला होता की दादांचा चेहरा वर असल्याशिवाय कोणताही कागद निघायचा नाही. सभेचं आमंत्रण असो, दवाखान्याच्या वेळा असोत, नळाला पाणी येणार नाही ही सूचना असो, वर मी. लोकांना वाचायची गरज राहिली नाही. चेहरा दिसला की कागद आपला.

एक दिवस दादा एकटेच छापखान्यात आले. बारीक झाले होते. चालताना दम लागत होता. शाईकाकांनी स्टूल पुढे केलं. दादांनी फळीवरून मला उचललं आणि उलटंपालटं करून पाहिलं.

"काका, बाकीचे कुठे गेले?"

"कापले की, दादा."

"कोणी सांगितलं?"

"जावईबापू सांगायला आले होते. तुम्ही गाडीत होता. मी तुम्हाला विचारलं, तुम्ही मान हलवली."

दादांनी बोटाने माझ्या कापलेल्या कडा चाचपल्या. मग म्हणाले, "मला वाटलं तुम्ही चहाचं विचारताय."

दोघंही हसले नाहीत. दादा म्हणाले, "काका, मला आता बसायचंय. डॉक्टरांनी सांगितलंय, आणि नसतं सांगितलं तरी बसायचंय. मी म्हटलं ताईला करा अध्यक्ष, तिला सगळं येतं. तर हे पक्षातले म्हणतात, लोक तुमच्यासाठी येतात. तुम्ही बसलात की पक्ष बसला. आता मी काय करू?"

"गाडी दुसऱ्याच्या हातात द्या," काका म्हणाले.

"दुसऱ्या कोणाला मी कधी चालवू दिली नाही हो," दादा म्हणाले. "तीच तर चूक झाली." त्यांनी मला शर्टाच्या बाहीने पुसलं, जागेवर ठेवलं आणि गेले. त्याच आठवड्यात सभा होती. त्यांना धरून माइकसमोर उभं केलं. "सगळे चढलात का" एवढंच ते म्हणाले, असं ऐकलं. पुढचं भाषण नकल्याने केलं. पावसाळा संपायच्या आत दादा गेले.

मित्रांनो, ती बातमी छापलेला कागद माझ्याखालूनच निघाला. शाईकाका रूळ फिरवत होते आणि रडत होते.

आता पक्षाला नवा अध्यक्ष हवा होता. जावईबापू म्हणाले, "घरातला माणूस मी." नकल्या म्हणाला, "आवाज माझ्याकडे आहे." ताई म्हणाल्या, "वस्तीला विचारू. मत घेऊ." ताईंना खुर्चीची हौस नव्हती. पण पक्ष फुटला तर दवाखाना बंद पडणार, हे त्यांना दिसत होतं, कारण दवाखान्याचं घर पक्षाच्या नावावर होतं. म्हणून त्याही उभ्या राहिल्या. सभासदांनी मतपत्रिकेवर शिक्का मारून अध्यक्ष निवडायचा, असं ठरलं. मोजणी शाईकाकांनी करायची, कारण तिघांचा विश्वास त्यांच्यावरच होता. मतपत्रिका छापायचं कामही त्यांच्याकडेच आलं.

तिन्ही उमेदवार छापखान्यात आले. कागदावर तिघांची नावं एकाखाली एक, पुढे शिक्क्यासाठी चौकट, एवढं साधं काम होतं.

जावईबापू म्हणाले, "आणि वर दादा."

ताई म्हणाल्या, "मतपत्रिकेवर बाळ्या नको."

"ताई, दादांशिवाय आपला कागद निघतो का कधी?"

"हा निघू दे. इथे माणूस निवडायचाय. वर त्याचा चेहरा दिसला तर लोक खाली बघणार नाहीत."

नकल्या दादांच्या आवाजात म्हणाला, "ताई, भावाला असं बाहेर उभं करू नये."

तो आवाज ऐकून ताईंनी नकल्याकडे पाठ फिरवली. त्यांनी शाईकाकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "दोघांचं एक मत आहे, ताई. मी काय करू?" आणि त्यांनी मला उचलून कागदाच्या वरच्या बाजूला बसवलं.

मतदान झालं. पेट्या छापखान्यात आणल्या. कागद कापायच्या त्याच टेबलावर पहिली पेटी उपडी केली. शाईकाकांनी पहिली घडी उघडली आणि बाजूला ठेवली. दुसरी उघडली, तीही बाजूला ठेवली. नंतर ते नुसत्या घड्या उघडत राहिले.

जावईबापूंनी विचारलं, "कोण पुढे आहे?"

काकांनी एक कागद उचलून सगळ्यांना दाखवला. तिन्ही चौकटी कोऱ्या होत्या. शिक्का वर होता, दादांच्या कपाळावर. तसाच पुढचा. त्याच्या पुढच्यात शिक्का गालावर. मधूनच एखादा जावईबापूंचा, एखादा नकल्याचा, एखादा ताईंचा निघे. बाकी ढीगच्या ढीग दादांचा. इतकी वर्षं लोकांनी कागदावर फक्त एकच जागा पाहिली होती. शिक्का हातात दिल्यावर ते तिथेच गेले. जो माणूस जाऊन दोन महिने झाले होते, तो प्रचंड मतांनी निवडून आला होता.

कोणीतरी हसलं. मग ते हसू एकदम थांबलं.

जावईबापू म्हणाले, "ही मतं घरची. म्हणजे माझी."

"कपाळावरची तुझी असतील," नकल्या म्हणाला. "तोंडावरची माझी."

"नकला करून कोणी दादा होत नाही."

"दादांची मुलगी करूनही होत नाही, जावईबापू."

ताई उठल्या. म्हणाल्या, "भांडू नका रे. कोरा कागद छापू. फक्त नावं. पुन्हा मत घेऊ."

तेवढ्यात दोन्हीकडची माणसं ओरडली. दादांना कागदावरून काढणार? बहीण असून? एकाने तर ताईंना तोंडावरच विचारलं, "दादांचा एवढा राग कसला तुम्हाला?" चार रेघांचा सदरा होता त्याचा. ताई खाली बसल्या आणि मतपत्रिकांच्या घड्या पुन्हा नीट घालू लागल्या. एक झाली की दुसरी.

त्या दिवशी त्या खोलीत पक्ष फुटला. जावईबापूंनी कचेरीच्या किल्ल्या घेतल्या. नकल्याने ध्वनिक्षेपकाची गाडी नेली. पुढच्या निवडणुकीत दोघांच्याही पत्रकांवर मीच होतो. सकाळी एकाचं पत्रक छापून व्हायचं, दुपारी दुसऱ्याचं. वर तोच चेहरा, खाली एकमेकांना शिव्या. लोक दोन्ही कागद हातात घेऊन उभे राहत आणि दादा कोणत्या बाजूला आहेत ते विचारत. दोघेही हरले. मग पक्ष कोणाचा यावर कज्जा लागला, आणि पक्षाच्या नावावर जे जे होतं त्याला कुलूप लागलं. दवाखान्यालाही.

कुलूप लागल्यावर काही दिवसांनी ताई छापखान्यात आल्या. हातात त्यांची नर्सची पिशवी होती, तेवढीच त्यांना बाहेर काढू दिली होती. आता त्या पुन्हा घरोघर जाऊन बाळंतपणं करत होत्या. शाईकाकांनी चहा केला. यंत्र बंदच होतं.

काका म्हणाले, "ताई, मला माफ करा. तो ठसा मी बसवायला नको होता."

"तुम्ही नसता बसवला तर त्यांनी दुसऱ्याकडून बसवून घेतला असता." ताईंनी चहा घेतला नाही. "पूल ओलांडताना परवा एक पोर गेलं, काका. मी पोचेपर्यंत."

काकांनी चहाचा कप उचलून बाजूला ठेवला.

मग ताई म्हणाल्या, "एक सांगू? कोणाला सांगितलं नाही अजून. त्या ढिगात माझाही कागद होता."

"तुमचा?"

"मी सगळ्यांना सांगत फिरत होते, वर बघू नका, खाली नाव बघा. आडोशाला गेले, शिक्का हातात घेतला, आणि वर बाळ्या दिसला. तो गेल्यापासून मला क्षणभरही एकटं बसू दिलं नव्हतं कोणी. सभा, माणसं, भांडणं. तिथे पहिल्यांदा आम्ही दोघंच होतो. मत द्यायचं मी विसरूनच गेले, काका. त्याच्या गालाला हात लावायला गेले, तर हातात शिक्का होता."

त्या रडल्या. मी फळीवर होतो, तोंड वर करून. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पिशवी उचलली आणि गेल्या, कारण कोणाकडे तरी त्यांना वेळेवर पोचायचं होतं.

आता मला कोणी छापत नाही. माझं नाक सपाट झालं आहे, डोळ्यांच्या जागी खड्डे आहेत. नवीन माणसाला दाखवलं तर तो विचारेल, हा कोण. मित्रांनो, त्याचं मला वाईट वाटत नाही. ठसा झिजण्यासाठीच असतो.

पण माझं एवढं ऐका. तुमचाही एखाद्या माणसावर जीव जडेल. तो बोलला की तुम्हालाही बरं वाटेल, त्याच्या मागून जावंसं वाटेल. जरूर जा. मात्र त्याला मोठं करण्यासाठी त्याच्या शेजारची माणसं कापू नका. त्याच्या पाळीनंतर दुसऱ्याची पाळी येऊ द्या, ते बोलणं कितीही कंटाळवाणं असलं तरी ऐकून घ्या. आणि एखाद्या दिवशी तो म्हणाला की मला आता बसायचंय, तर त्याला बसू द्या. आमच्या दादांना कोणी बसू दिलं असतं, तर त्यांच्या बहिणीला आपल्या भावासाठी स्वतःच्या घरात, हात मोकळे ठेवून रडता आलं असतं.